फाबिया कोण करणार

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज सरांच्या नव्या नाटकाचं वाचन झालं. घरी येऊन आधी पोळ्या लाटल्या, मग ही वही काढली. शिक्षकदिनाला माझ्या शाळेतल्या मुलींनी दिलेली, कोरीच पडली होती.

नाटक चांगलं आहे. चिंतामणी सरांनी गेल्या दहा वर्षांत लिहिलेल्यांत सगळ्यात चांगलं. गोष्ट प्राचीन रोमची. फाबिया ही बड्या घराण्यातली विधवा, लुसियस तिचा मुलगा. रोमचा कॉन्सल, म्हणजे तिथला सत्ताधीश, लुसियसला बापाच्या जागी. फाबिया मुलाच्या मनात हळूहळू भरवते की ह्या माणसाला बाजूला केल्याशिवाय रोमचं भलं नाही. मुलगा त्याला मारतो. मग शहर पेटतं आणि मुलगाही जातो. दुसऱ्या अंकात आई-मुलाचा अकरा मिनिटांचा प्रवेश आहे. त्यात ती एकदाही ‘मार’ म्हणत नाही. नुसते प्रश्न विचारते. असा प्रवेश नटीला जन्मात एकदा मिळतो.

सरांच्या नाट्यमंडळात मी बावीस वर्षं आहे. तळेगावात नाटकात काम करायला बाई मिळत नव्हती तेव्हापासून. सरांच्या प्रत्येक नाटकात मुख्य बाई मीच. त्यामुळे फाबियाचं पान त्यांनी माझ्या हातात दिलं याचं मला नवल वाटलं नाही. मी वाचलं. खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत, कारण अशी बाई ओरडत नसते. वाचून झालं तर सर आपल्या हातातल्या कागदांकडेच बघत होते. मंडळातला वरद म्हणाला, “इंदिराताई, काटा आला अंगावर.” सर म्हणाले, “हं. आणखी कोण वाचतंय?”

आणि त्यांनी पान सारिकाला दिलं.

सारिका लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याची. घरी पर्यटकांना जेवण आणि राहायला खोल्या देतात. दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या शिबिरातून मंडळात आली, आजवर जमावात उभी राहिली आहे. ती उभी राहिली, कागद लांब धरला आणि शेतातून शेतात हाक मारावी तसं वाचलं. “मी कुटं काय म्हनते, बाळा? मी इचारते.” रोमची उमराव बाई! दोघीतिघी हसल्या. सर हसले नाहीत. पहिल्याच वाक्याला त्यांनी मान वर केली आणि शेवटपर्यंत त्यांची नजर तिच्या तोंडावरून हलली नाही.

१४ सप्टेंबर

फाबिया सारिका करणार. लुसियस वरद. मी दाई. दाईला सहा वाक्यं आहेत, त्यातली दोन ‘होय बाईसाहेब’ अशी.

वर सर म्हणाले, “इंदिरा, हिचे उच्चार तू बसवून घे. तुझ्याइतकं कोणाला जमायचं नाही.”

मी बरं म्हटलं. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही, तेवढी नटी मी आहे. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे तिसऱ्या पाळीला निघाले होते, बूट घालता घालता म्हणाले, “सर बरे आहेत ना? परवा बाजारात हाक मारली तर बघितलंच नाही त्यांनी.” मी म्हटलं, हल्ली ते कोणाकडे बघत नाहीत, एक सोडून.

२१ सप्टेंबर

सोळा वर्षांपूर्वी सर मला म्हणाले होते, “इंदिरा, तुझी कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. हे शिकवून येत नाही.” तेव्हा ते नेहमी शेवटच्या रांगेत बसून तालीम बघत. आता खुर्ची रंगमंचाला अगदी चिकटवून घेतात. तिच्या पायाशी बसल्यासारखे.

आठवड्यात तीनदा फोन केला. दाईला एक छोटं स्वगत असावं असं सुचवायचं होतं. उचलला नाही. संध्याकाळी मेसेज आला : लिहून पाठव. एवढंच. आधी आमचं तास तास बोलणं व्हायचं. वहिनी, म्हणजे सरांची पत्नी, वारल्यानंतरच्या वर्षी तर रोज. मी डबा पाठवायचे, ते डब्याबरोबर संवादाचा कागद पाठवायचे.

जळते मी. लिहून टाकते, वहीशी तरी खोटं नको.

२८ सप्टेंबर

आज नवीनच. आम्ही काही विचारलं की सारिका ते वाकून सरांना सांगते. “सर, वरद म्हनतोय तलवार उजवीकडं घिऊ का?” सर मग उत्तर देतात. मधली दलाल! मी तिला म्हटलं, “अगं, सरांना आम्ही दिसतोय. आमचं आम्ही विचारू.” ती मागे सरकली. मग मी सरांना विचारलं, दाईचं स्वगत वाचलंत का? सर म्हणाले, “हो हो, साडेसहाला संपवू.” सगळे इकडेतिकडे बघायला लागले. माझा असा पाणउतारा बावीस वर्षांत कोणी केला नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार

उच्चार बसवायला कुरवंड्याला गेले. आज तालीम नव्हती, आणि घरी पाहुणे असल्यामुळे तिला तळेगावला यायला जमत नव्हतं.

तिची सासू रतनबाई अंगणात नाचणी पाखडत होती. नवरा ओंकार जीप धूत होता, तो पर्यटकांना फिरवतो. माणसं साधी. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बाई बाई केलं. सारिकाकडून ‘नाही’ म्हणवून घेतलं. वीस वेळा म्हणाली. एकविसाव्या वेळी ‘न्हाई’. हसत सुटली. मीही हसले.

ती चहा करायला आत गेल्यावर रतनबाईंनी विचारलं, “नाटकाचं सर कसं हायेत? माणूस चांगला हाय ना? आमी पाठवतो इस्वासानं.”

मी म्हटलं, “सर देवमाणूस आहेत. वहिनी गेल्यापासून एकटे असतात, तेवढंच. सारिकावर फार जीव आहे त्यांचा. ती नसली की त्यांना सुचत नाही. तालमीभर ती जवळ लागते.”

खोटं काही बोलले नाही. स्तुतीच केली. ओंकारने नळ बंद केला आणि फडकं पिळत उभा राहिला.

८ ऑक्टोबर

तालमीनंतर वरद आणि मी चालत स्टेशनपर्यंत आलो. वरद मंडळाचा चिटणीस. कंपनीत इंजिनियर आहे, वय एकोणतीस, आणि ह्या मुलाच्या शब्दाला मंडळात जी किंमत आहे ती माझ्याही नाही. तो म्हणाला तर लोक मानतात, कारण तो स्वतःसाठी कधी काही मागत नाही.

मी विचारलं, “तुला तालमी कशा वाटतात?”

“सरांचं लक्ष नाही हो ताई. काल मी अख्खं वाक्य गाळलं, त्यांना कळलं नाही.”

“लक्ष नाही की दुसरीकडे आहे?”

तो थांबला. “म्हणजे?”

“मी काहीच म्हणत नाही. तू मोठ्या मनाचा आहेस, तुझ्या डोक्यात असलं येणारही नाही. रविवारी एवढंच बघ, ती बोलते तेव्हा सर कुठे बघतात.”

तो पुन्हा चालायला लागला. मग मी म्हटलं, “तीस वर्षं एकच माणूस ठरवतो. नाटक कुठलं, भूमिका कोणाची, सगळं. मंडळ त्यांनी काढलं हे खरं. पण मंडळ माणसाचं असतं की माणूस मंडळाचा?”

हे वाक्य चांगलं झालं. घरी येताना पुन्हा म्हणून पाहिलं.

१२ ऑक्टोबर

सारिकाचं ‘न्हाई’ पुन्हा आलं. मी तालीम थांबवली. सर म्हणाले, “राहू दे तसंच. रोमची बाई पुण्याचीच कशाला पाहिजे? तिचा शब्द पोचतो.”

म्हणजे माझा पोचत नाही.

सुटल्यावर वरद माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला. “ताई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. ते तिच्या ओठांकडे बघत असतात. सतत.”

“मी काय म्हणाले? मी काहीच म्हणाले नाही, वरद.”

“हो. पण मला दिसलं.”

“मग तूच ठरव. मी बाई माणूस, माझ्या तोंडून निघालं तर लोक म्हणतील भूमिका गेली म्हणून बोलते.” ह्यावर तो लगेच म्हणाला, “तुमच्याबद्दल असं कोण म्हणेल?” मी पुढे सहज म्हटलं, “दिग्दर्शन तू केलंस तर पोरं जीव टाकतील. सरांना मार्गदर्शक करता येईल, मानाने.” त्याने नको नको म्हटलं. पण म्हणताना कान लाल झाले होते. दिग्दर्शक व्हावंसं कोणाला वाटत नाही?

१५ ऑक्टोबर

सारिका आली नाही. ओंकारचा वरदला फोन आला, ती ह्यापुढे येणार नाही. कारण सांगितलं नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्या आधी एक क्षण दुसरंच वाटलं, ते लिहीत नाही.

२० ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या बिघडल्या.

वरदने सांगितलं ते ऐकून थक्क झाले. सर एकटे कुरवंड्याला जाऊन आले! ओंकारशी बोलायला. तो बोलत राहिला आणि सर म्हणे नुसते “तिला पाठवा, तिच्याशिवाय मला जमणार नाही” म्हणत राहिले. त्याने काय विचारलं त्याला उत्तर नाही, सरांचं आपलं तेच. वाडीतली माणसं गोळा झाली. शेवटी ओंकारने हात धरून त्यांना रिक्षात बसवलं.

वरद म्हणाला, “ताई, आता गप्प बसणं बरोबर नाही.”

मी म्हटलं, “तुझं मन सांगेल तसं कर.”

२६ ऑक्टोबर, रविवार

आज चार वाजता सभा. सगळं लिहिते.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सरांची पुढे, मी मुद्दाम त्यांच्या मागे बसले. समोर बसवलं नसतं. वरद उभा राहिला. कागद नाकाशी धरून वाचला, आवाज कापत होता. सरांचं ऋण वगैरे आधी. मग ठराव : यापुढे सरांनी मार्गदर्शक म्हणून राहावं, ‘फाबिया’चं दिग्दर्शन वरदने करावं, भूमिकांची फेरवाटणी व्हावी. सगळे जमिनीकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, इंदिराताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या, तुम्ही बोला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “वरद बोलला ते आपल्या सगळ्यांच्या मनातलंच आहे.” एवढंच बोलले.

वरदने विचारलं, कोणाला मान्य? हात वर झाले. एक, दोन, मग सगळेच.

आणि सरांनीही हात वर केला.

हसतमुखाने. इकडेतिकडे बघून, सगळ्यांचे हात वर आहेत हे पाहून. म्हणाले, “छान. एकमताने झालं हे बरं. चला, दुसऱ्या अंकापासून घेऊ.” आणि उठून खुर्ची रंगमंचाजवळ ओढायला लागले.

कोणालाच काय करावं कळेना. वरदने जाऊन तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला, वाचला. पुन्हा वरून वाचला. मग कागदाची घडी केली, खिशात ठेवायला गेले, पण तो मंडळाचा आहे हे लक्षात येऊन परत दिला. पिशवी घेतली. दारात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

वरद रडवेला झाला होता. “ताई, त्यांना कळलंच नव्हतं का?”

मी म्हटलं, “आयुष्यभर नाटक केलंय त्यांनी. आपल्याला अपराधी वाटावं म्हणून हात वर केला.”

मला तसंच वाटतं. दुसरं काय असणार?

फाबिया मी करणार. हे एकमताने ठरलं.

२ नोव्हेंबर

अकरा मिनिटांचा प्रवेश पाठ आहे. आधीपासूनच होता. वरद चांगला दिग्दर्शक आहे, फक्त ‘ताई, तुम्हाला ठीक वाटतंय ना?’ असं सारखं विचारतो. मला कोणी विचारू नये, सांगावं असं वाटतं. शेवटच्या रांगेकडे सारखी नजर जाते. तिथे नुसत्या खुर्च्या रचलेल्या आहेत.

९ नोव्हेंबर

फाबियाचा वेश आणि सारिकाची प्रत आणायला कुरवंड्याला गेले. कोणालाही पाठवता आलं असतं. मीच गेले. का, ते माहीत आहे.

रतनबाई आतूनच “बाई आल्यात” म्हणाल्या, बाहेर आल्या नाहीत. सारिकाने वेश धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. मी म्हटलं, “तुझं वाईट वाटतं गं. पुढच्या नाटकात बघू.”

ती म्हणाली, “माझं जाऊ द्या. सरांजवळ आता कोन बसतं?”

“कशाला बसायला पाहिजे कोणी?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “बाई, तुमाला खरंच म्हायती न्हाई?”

“काय?”

“सरांना ऐकाया येत न्हाई. वरीस झालं. डावा कान पार गेलाय, उजव्यात थोडं. माझ्या बापाचं आसंच झालतं, म्हनून मला पयल्या दिशीच कळलं. त्ये तोंड बघून वळखतात. मला म्हनले, सारिका, कुनाला बोलू नगंस, हे नाटक हुईस्तवर. न्हाईतर मला बसवतील. म्हनून मी जवळ बसायची. त्यांना माझंच तेवढं ऐकू जायचं, मी वरडून बोलते ना.”

मी म्हटलं, “मग घरी का नाही सांगितलंस?”

“शब्द दिलता. मग घरात जे चाललं त्येच्यात सांगून कोन ऐकनार? सासू म्हनली, शिकल्याली बाई हितं बसून सांगून गेली, तिला काय खोटं पडलंय?”

ती माझ्यावर ओरडली नाही. पिशवीत वेश नीट घातला, वर प्रत ठेवली.

रिक्षात बसल्यावर मी एकेक आठवत गेले. खुर्ची. फोन. साडेसहाला संपवू. वर केलेला हात.

१० नोव्हेंबर

सतरा दिवसांवर पुण्यात स्पर्धेचा प्रयोग आहे. आता सांगितलं तर वरद कोसळेल, नाटक पडेल, पोरांची मेहनत वाया जाईल. मंडळाच्या भल्यासाठी स्पर्धेनंतर सांगेन.

हे वर लिहिलेलं वाक्य खोडलेलं नाही. खोडावंसं वाटलं.

२७ नोव्हेंबर

प्रयोग झाला. पुण्याचं थिएटर, दुपारचा प्रयोग, दीडशे माणसं असतील.

सर आले होते. पहिल्या रांगेत, मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून. दुसऱ्या अंकात मी वरदच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले. मला माझी कुजबुज ऐकू येत होती, थिएटरभर पसरलेली. कोणी खोकलंसुद्धा नाही. सर किंचित पुढे झुकले होते, माझं तोंड दिसतंय का बघत. मी मान थोडी फिरवून बोलले असते तर त्यांना सगळं दिसलं असतं. प्रवेशात मी वरदच्या कानाशी बोलते, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून. तसं मीच बसवून घेतलं होतं.

टाळ्या खूप पडल्या. सरांनीही वाजवल्या, शेजाऱ्यांच्या मागोमाग.

१४ डिसेंबर

निकाल. नाटकाला काही नाही. अभिनयाचं प्रशस्तिपत्र मला. ह्यांनी पेढे आणले. शाळेत मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मागे बक्षीस मिळालं की आधी सरांना फोन करायचे. फोन हातात घेतला आणि ठेवला.

१६ डिसेंबर

सरांकडे गेले. दार वरदने उघडलं. तो आता आठवड्यातून दोनदा जातो, घरचं बघतो. सरांनी त्याला कानांचं स्वतःच सांगितलं आहे. वरदच त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. यंत्र मिळालं आहे, पण त्यात नुसता खडखडाट ऐकू येतो म्हणून ते खिशात.

सरांनी प्रशस्तिपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. खूश झाले. वरद चहा ठेवायला आत गेला.

मग म्हणाले, “इंदिरा, एक विचारायचं राहिलंय. त्या सभेत वरद कागदाआड होता, बाकीच्यांनी माना खाली घातलेल्या. मला वाटलं तालमीचं वेळापत्रक ठरतंय. तू माझ्या मागे होतीस. तू काहीतरी बोललीस, एवढं सगळ्यांच्या माना वळल्या त्यावरून कळलं. तू माझ्या बाजूने काय बोललीस, ते ऐकायचं होतं. मनाला बरं वाटेल.”

त्यांच्या मनात दुसरी शंकाच नव्हती.

मी म्हटलं, “सर, मी तुमच्या बाजूने बोलले नाही. वरदच्या मनात मीच भरवलं.”

ते पुढे झुकले. “काय?”

मी पुन्हा म्हटलं. माझ्या त्याच आवाजात, आणि नकळत मान खाली घालून. “काय म्हणालीस?”

त्या क्षणी वाट मोकळी होती. ‘तुमच्याच बाजूने बोलले सर’ असं वर बघून म्हटलं असतं तर ते हसले असते आणि मी घरी आले असते. मला ते वाक्य जिभेवर जाणवत होतं.

मी उभी राहिले आणि ओरडले. घसा फाटेल इतकं. “सर, मीच केलं! वरदला मी भरवलं! सारिकाच्या घरी मीच बोलून आले! मला फाबिया पाहिजे होती!”

शेजारच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. वरद स्वयंपाकघराच्या दारात आला. हातात कप होता.

सर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, “सारिकाच्या घरी सांगितलंस?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग माझ्याकडे कशाला आलीस? माझं काय, मंडळ गेलं तर घरी बसेन. तिला त्या घरात राहायचंय.”

त्यांनी प्रशस्तिपत्राची गुंडाळी केली, रबर लावलं आणि माझ्या हातात दिलं. वरद आत गेला. माझ्यासाठी ओतलेला चहा त्याने परत पातेल्यात ओतला, तो आवाज मी बाहेर चपला घालताना ऐकला.

१७ डिसेंबर

शाळेत गेले नाही. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “उद्या मी येऊ बरोबर?” नको म्हटलं.

१८ डिसेंबर

कुरवंडे. रतनबाई आणि वाडीतल्या दोघी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. ओंकार जेवून नुकताच बाहेर आला होता. मला खुर्ची दिली नाही. मी उभ्याने बोलले. सरांचे कान. सारिका जवळ का बसायची. मी त्या दिवशी जे बोलले ते कसं बोलले आणि कशासाठी.

रतनबाई शेंग सोलता सोलता थांबल्या. “मंग आमची सारिकी ‘तसलं काय न्हाई’ म्हनत हुती, ते खोटं न्हवतं?”

“नाही.”

“तिनं तुमचं काय वाईट केलतं?”

“काही नाही. ती चांगलं काम करत होती.”

“म्हंजी चांगलं करती म्हनून?”

“हो.”

त्या दोघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओंकार माझ्याकडे बघत नव्हता, पायाखालचा दगड बुटाने उकरत होता. मग तो आत गेला. आतून त्याचा हळू आवाज आला आणि सारिकाचा आलाच नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली, डोळे कोरडे.

“बाई, बोललात ते बरं झालं,” ती म्हणाली. “पन तुमी येकदा बोलला आनि दोन म्हयनं माझ्याशी ह्या घरात कोन धड बोललं न्हाई. आता येकदा बोलून ते लगीच माघारी यायचं न्हाई. येळ लागंल.”

“सर पुन्हा तालमी घेणार असतील तर येशील?”

“सरांसाठी यीन. ह्यांनी पाठवलं तर.” मग म्हणाली, “तुमी आसला तरी यीन. तुमच्याशी बोलनार न्हाई.”

मी निघाले. अंगणाच्या कडेवरून खाली वळणावर पप्पूची शेअर जीप सुटलेली दिसली. ती चुकली असती तर तासभर खोळंबा होता. मी हात केला, त्याला कुठे दिसणार. सारिका माझ्यामागे कडेपर्यंत आली होती. तिने तोंडाभोवती हातही धरले नाहीत. नुसतं म्हणाली, “एऽ पप्पूऽ, थांब, बाई येत्यात!”

खाली जीप थांबली. एवढ्या अंतरावरून एकेक अक्षर पोचलं होतं.

मला लाज वाटत होती. सगळं कबूल करून आले होते. आणि त्या लाजेच्या खाली, तसंच, जराही न हललेलं, ते जळणं होतं. मी उतरणीवरून पळत गेले, जीपमध्ये मागे बसले. लोणावळा येईपर्यंत तिची ती हाक मी तोंडातल्या तोंडात काढून बघत होते. मला येईना.